पहिल्या ओळीतली श्री

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी भाईंदर पूर्वेला एका लहान बिल्डरच्या ऑफिसात हिशेब बघत असे. शेठ मूळचे तिथल्याच खारी गावातले. माणूस दिलदार, पण फ्लॅट बघायला आलेल्या कोणालाही त्यांच्याच्याने नाही म्हणवत नसे. एकाला देवघरासाठी कोनाडा, दुसऱ्याला बाल्कनीत नळ. शब्द शेठ देत आणि विसरत; ताबा देताना भांडण मात्र माझ्या टेबलावर येई.

म्हणून ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्यात आधी एक तक्ता केला. फ्लॅट नंबर, गिऱ्हाइकाचं नाव आणि शेवटच्या रकान्यात शेठनी कबूल केलेलं काम. त्याच्या चिठ्ठ्या छापायच्या, दारांवर चिकटवायच्या आणि मिस्त्रीने तेवढंच करायचं.

"म्हंजे मी इसरलो तरी चालंल!" शेठ खूश झाले.

पहिली ओळ १०१ची. त्या घरच्या काकू रत्नागिरीकडच्या, लालबागच्या चाळीत संसार झालेल्या आणि उंचीने बेताच्या. चाळीतला ओटा उंच, त्यामुळे लग्नापासून पाटावर उभं राहून स्वयंपाक. बुकिंगच्या वेळी त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"ओटा एकोणतीस इंचांचा हवा. वास्तुशांतीला दूध उतू जाताना मला जमिनीवर उभं राहून दिसलं पाहिजे. पाटावर चढायचं आता बास झालं."

"शब्द दिला, ताई," शेठ म्हणाले. मी लगेच टाइप केलं.

वास्तुशांतीला आठवडा उरला असताना काकू घर बघायला आल्या. ओटा तेहतीस इंच होता. दारावर मात्र सोनेरी अक्षरांत 'श्री' लिहिलेली टाइल झळकत होती.

"हे मी मागितलं नव्हतं," काकू म्हणाल्या, "आणि मागितलं ते दिलं नाहीत." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शेजारच्या १०२मधून सहा फुटी गुजराती भाई कंबर धरून बाहेर आले. "शेठ, ये किचन है के बच्चों का टेबल?"

त्यांचा ओटा एकोणतीस इंच होता. मी ऑफिसात जाऊन तक्ता उघडला. १०१समोर इंग्रजी अक्षरांत SHREE आणि काकूंचा ओटा एक घर खाली, १०२समोर. तिथून पुढे प्रत्येकाला शेजाऱ्याचं काम मिळालं होतं.

उलगडा चिठ्ठ्या छापणाऱ्या ऑपरेटर मुलीने केला. दसऱ्याला मी झेंडू आणायला गेलो असताना शेठनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं होतं. "वर श्री न्हाय? कोऱ्या वहीवर पन आधी श्री लागते!" असं म्हणून त्यांनी तिला श्रीसाठी वर जागा करायला लावली. कर्सर त्या शेवटच्या रकान्यात होता. तेवढाच रकाना एक घर खाली सरकला. मिस्त्रीने चिठ्ठी वाचली आणि भाविकपणे टाइल आणली.

"देवाचं नाव घेतलं, त्यात माझा काय गुन्हा?" शेठ म्हणाले.

"गुन्हा नाही, शेठ. पण रविवारी दूध उतू जायचंय."

मिस्त्रीने दोन्ही घरं पाहिली. ओट्याची लांबी सारखीच होती, फरक फक्त खालच्या कडाप्प्याच्या पायांत. "पैर इधर के उधर करेंगे," तो म्हणाला, "लेकिन ऊपर का पत्थर टूटा तो मेरे को मत बोलना." चौघांनी ओट्यावरची फरशी उचलली तेव्हा शेठ स्वतः एका कोपऱ्याला धरून उभे होते. फरशी शाबूत राहिली. काकूंच्या भिंतीवर चार इंचांचा पट्टा उघडा पडला, तो नव्या टाइल्सनी भरला. बाकीच्या घरांची कामं जागच्या जागी आणायला पुढे महिना गेला.

मिस्त्री दारावरची 'श्री'ही काढायला निघाला होता. "राहू दे रे," काकू म्हणाल्या, "ती कशाला चुकीची?"

रविवारी आम्ही सगळे त्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे होतो. काकू जमिनीवर पाय टेकवून, पातेल्यात डोकावून बघत होत्या. साय फुगली, कडेला आली आणि दूध उतू गेलं. त्यांनी टाळी वाजवली. भाईंच्या बायकोनेही वाजवली.

जेवणाच्या वेळी कळलं की काकांनी सवयीने चाळीतला तो पाटही सामानाबरोबर आणला होता. काकूंनी तो पुसून पंगतीत पहिला मांडला.

"बसा, शेठ," त्या म्हणाल्या, "आता याला दुसरं काम नाही."