परत टेस्ट घ्या

सांगलीत मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होते, तेव्हा एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला हेरलं. ते फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत त्यांनी कितीतरी वर्षं जवानांना ट्रक चालवायला शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या बायका वाढत चालल्या होत्या आणि शिकवायला बाई नव्हती.

"व्हॅन वळवताना बघितलं तुला," ते म्हणाले. "हात चांगला आहे. इन्स्ट्रक्टर हो."

इन्स्ट्रक्टर व्हायला नुसती गाडी येऊन भागत नाही. दहावी पास लागते, पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव लागतो आणि मोटार मेकॅनिकचं सरकारमान्य प्रमाणपत्र लागतं. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. तिसरीसाठी मी चाळिशीला टेकलेली असताना पंचविशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसले, क्लच प्लेटी उघडल्या, कोपरापर्यंत ग्रीस माखून घरी गेले. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा उस्तादांनी ते स्वतः फ्रेम करून ऑफिसात लावलं.

मला वाटायचं, मी चांगलं शिकवते. माझा आवाज मोठा आणि स्पष्ट. शेजारच्या सीटवरून मी सतत बोलत राहायची. क्लच दाब, आरसा बघ, आता दुसरा टाक, घाबरू नको, मी आहे. माझ्या आवाजाच्या भरवशावर बायका विश्रामबागच्या गर्दीतून गाडी काढायच्या.

तीन-चार वर्षं अशी गेल्यावर एका सकाळी तासगावकडच्या दोघी ऑफिसात आल्या. पुढे साठीची सासू, हातात औषधांची पिशवी. मागे पंचवीस-सव्वीसची सून, केसांची घट्ट वेणी, खांद्यावर पर्स.

"हिला गाडी शिकवायची हाय," सासू म्हणाली. "पर आधीच सांगते, हिला ऐकू येत न्हाई. जन्मापासनं. दिसतं मातर लय."

मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्या ओठांकडे पाहत होती.

सासूच्या किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला जावं लागायचं. मुलगा फौजेत, पोस्टिंग लांब. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं आईसाठी म्हणून एक लहान पांढरी गाडी घेऊन ठेवली होती. ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि सासू-सुना एसटीनं मिरजेला जात होत्या. डायलिसिस झाल्यावर परतीच्या एसटीत बसायला जागा नाही मिळाली तर सासू दांड्याला धरून उभी राहायची.

"शेजारच्यास्नी किती दिवस म्हनायचं, चला म्हणून?" ती म्हणाली. "आनि ही घरात असताना मी दुसऱ्याला का म्हनू?"

सून मूकबधिरांच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली होती. मराठी झकास लिहायची. तिनं फोनवर टाइप करून फोन माझ्यापुढे धरला: 'मॅडम, मला ट्रॅक्टर येतो. गाडी शिकवाल का? कायद्यात बसतं का?'

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. इन्स्ट्रक्टर म्हणून माझ्या नावाची पाटी ऑफिसाबाहेर लागलेली आणि मला हे माहीत नव्हतं. मी तिला दोन दिवसांनी या म्हणाले.

ज्या एजंटाकडून आमची कागदपत्रं जायची त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, "मुक्या-बहिऱ्यांना लायसन मिळत नाही. पण फॉर्मवर ऐकू येतं असं लिहून टाकू. कोण तपासतंय?"

उस्ताद तिथेच बसले होते. त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या स्कूलचा शिक्का खोट्या कागदावर बसणार नाही," एवढंच म्हणाले. एजंट गेल्यावर मला म्हणाले, "आता तू वाच. मी सांगणार नाही."

मी वाचलं. माझ्या मुलाकडून इंटरनेटवर केंद्राच्या परिवहन खात्याचं पत्र शोधून घेतलं, छापून घेतलं, पेनानं ओळी अधोरेखित केल्या. त्यात स्पष्ट होतं. गाडी चालवायचं कौशल्य डोळ्यांवर आणि हातापायांवर जास्त अवलंबून असतं, कानांवर कमी. तेव्हा बहिऱ्या माणसालाही टेस्ट घेऊन लायसन देता येतं. मी ते पत्र चारदा वाचलं आणि मग तिला मेसेज केला: 'बसतं. या.'

तिनं अर्जावर ऐकू येत नाही असं स्वच्छ लिहिलं. डॉक्टरांचा दाखला जोडला. शिकाऊ लायसनची परीक्षा संगणकावर होती, प्रश्न वाचून उत्तरं द्यायची. तिचं एकही उत्तर चुकलं नाही. तीस दिवसांनी पक्क्या लायसनची टेस्ट देता येणार होती. तेवढ्यात मला तिला तयार करायचं होतं.

पहिलाच दिवस. कवलापूरच्या बाजूचा मोकळा रस्ता. ती गाडी सुरेख सुरू करून निघाली आणि मी सवयीनं बोलायला लागले. आरसा बघ, दुसरा टाक. मी बोलतेय हे तिला कळलं आणि काय बोलते ते वाचायला तिनं मान माझ्याकडे वळवली. समोरून उसाची ट्रॉली येत होती. गाडी उजवीकडे सरकत चालली. माझ्या पायाखालचा ब्रेक मी पूर्ण दाबला आणि स्टिअरिंग ओढलं. ट्रॉलीवाला शिवी देऊन गेला.

तिनं हात जोडले, माफ करा म्हणून. मला इतकी लाज वाटली की मी गाडीतून उतरून दोन मिनिटं रस्त्याच्या कडेला उभी राहिले. चूक तिची नव्हतीच. रस्त्यावर ठेवलेले डोळे मी माझ्या तोंडाकडे ओढले होते.

संध्याकाळी उस्तादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. कपाटातून कापूस काढून माझ्या हातात दिला. "उद्या हा कानात घाल आणि माझ्या शेजारी बसून गाडी चालव. मी एक शब्द बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी कापूस कोंबून, वरून रुमाल बांधून मी गाडी चालवली. वीस वर्षं गाडी चालवणारी बाई मी. तिसऱ्या गिअरला अडखळले. गिअर कधी बदलायचा हे मी इंजिनाच्या आवाजावरून ठरवत होते, हे मलाच ठाऊक नव्हतं. मग हळूहळू गिअरच्या दांड्यातली थरथर तळहाताला कळायला लागली. आणि आरसा. एरवी मी आरशात जेवढं पाहत होते, त्याच्या कितीतरी पट पाहायला लागले.

त्यानंतर आम्ही दोघींनी बसून रीत ठरवली. बोलायचं ते गाडी थांबवून, समोरासमोर. चालत्या गाडीत फक्त हात, आणि तोही डॅशबोर्डवर, तिला मान न वळवता दिसेल असा. सपाट तळवा म्हणजे हळू. मूठ म्हणजे थांब. बोट डावीकडे, बोट उजवीकडे. डाव्या दंडावर थाप म्हणजे ताबडतोब ब्रेक. ही शेवटची खूण तिनं सुचवली. अख्ख्या महिन्यात ती मला दोनदाच वापरावी लागली, आणि दोन्ही वेळा कुत्री आडवी आली होती.

बारा-तेरा दिवसांनी एक गोष्ट घडली. तासगाव रस्त्यावर छान वेगात चाललो होतो. तिनं एकदम इंडिकेटर दिला, आरसा पाहिला आणि गाडी कडेला घेतली. मी खूण केली नव्हती. मी विचारलं, काय झालं? तिनं स्टिअरिंगवर तळहात ठेवून हलकेच हलवून दाखवला आणि पुढच्या डाव्या चाकाकडे बोट केलं. उतरून पाहिलं तर चाकात खिळा, हवा निम्म्याहून कमी. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. तिनं जॅक काढला आणि माझ्या आधी कामाला लागली. मेकॅनिकचं प्रमाणपत्र असलेली मी बाजूला उभी राहून नट सांभाळत होते.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा मी असं सांगितलं जणू पंक्चर मीच ओळखलं होतं. इतका आनंद झाला होता.

टेस्टच्या दिवशी आरटीओच्या मैदानावर सासूही आली. मी कार्डं तयार करून नेली होती. गाडी सुरू करा, मागे घ्या, चढावर थांबा, असं एकेक वाक्य मोठ्या अक्षरात. टेस्ट सुरू झाल्यावर इन्स्ट्रक्टरनं मदत करायची नसते, मी मैदानाबाहेर राहणार होते. निरीक्षक पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. मी पत्र दाखवलं, त्यांनी वाचलं, कार्डं हातात घेतली.

"मागून ॲम्ब्युलन्स आली तर?" त्यांनी मला विचारलं.

"तिलाच विचारा ना, साहेब. तिला ओठ वाचता येतात."

त्यांनी सावकाश तिला विचारलं. तिनं लिहून दिलं: 'आरशात दिवा दिसतो. काचा लावून गाणी ऐकणाऱ्यांपेक्षा मला लवकर दिसतो.'

ते हसले आणि तिच्या शेजारी बसले. चढावर गाडी एक इंच मागे आली नाही. सगळं नीट चाललं आणि शेवटी 'एच'मध्ये, म्हणजे खांब लावून आखलेल्या एच आकाराच्या वाटेत, मागे घेताना मागचं चाक खांबाला लागलं. खांब आडवा झाला.

निरीक्षक उतरून आमच्याकडे आले. "एवढं चालायचंच. अशा बाईनं इथपर्यंत आणली हेच खूप झालं. पास करून टाकतो." सासूनं त्यांना नमस्कार केला. मीही आभार मानणारच होते.

सून गाडीतून उतरून आली. निरीक्षकांची तिच्याकडे पाठ होती, त्यामुळे ते काय म्हणाले हे तिला कळलं नव्हतं. तिनं मला खुणेनं विचारलं. मला वाटलं, पास झालीस एवढंच सांगावं. पण महिनाभर आम्ही एकमेकींशी समोरासमोर बोलायचं ठरवून वागलो होतो. मी फोनवर त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाइप करून दाखवलं.

तिनं ते वाचलं. तोंडावरचा रंग बदलला. मग 'मागे घ्या' लिहिलेलं कार्ड निरीक्षकांच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि त्यावर लिहिलं: 'खांब पडला तर सगळे नापास होतात. मला पण नापास करा. परत टेस्ट घ्या.'

"आगं, देतायत की त्ये," सासू तिच्यासमोर जाऊन म्हणाली. "घे की गुमान."

सुनेनं सासूच्या छातीवर हात ठेवला आणि मग स्वतःच्या. मागे बसणार तुम्ही, चालवणार मी, असं ती सांगत होती. सासूला कळलं. ती निरीक्षकांना म्हणाली, "आवं सायेब, तिचं बराबर हाय. करा नापास."

आमच्या स्कूलची विद्यार्थिनी नापास झाली आणि मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. ते सात दिवस तिनं घरची गाडी घेऊन त्यांच्या बेदाण्याच्या शेडपुढच्या मोकळ्या जागेत काढले. द्राक्षांचे रिकामे क्रेट एकावर एक रचून तिनं खांब केले होते, आणि अंतरं मैदानावरच्यापेक्षा वीतभर कमी ठेवली होती. सासू खुर्ची टाकून बसायची आणि क्रेट हलला की काठी वर करायची. मी फक्त एकदा गेले. मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी तेच निरीक्षक होते. या खेपेला ते हसले नाहीत. 'एच'च्या वेळी गाडीतून उतरून थेट खांबाशेजारी जाऊन वाकून उभे राहिले. गाडी मागे आली, वळली, सरळ झाली, बाहेर पडली. एकही खांब हलला नाही. त्यांनी सही केली आणि माझ्याकडे वळले. "त्यांना सांगा, मागच्या वेळी चूक माझी होती."

ती त्यांच्या ओठांकडेच पाहत होती. मला सांगावं लागलं नाही. तिनं मान लववली.

पक्कं लायसन घरी आलं त्या आठवड्यात तिनं मला मिरजेला सोबत बोलावलं. माझी गरज नव्हती, पण मी गेले. मी मागे सासूजवळ बसले. जाताना सासू खिडकीतून दिसेल त्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात करत होती. येताना डायलिसिसनं थकलेली होती. सांगली मागे पडायच्या आत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, ती दारात गाडी थांबेपर्यंत उठली नाही.

पुढे उस्तादांनी कराडला नव्या इन्स्ट्रक्टरांसाठी दोन दिवसांचा वर्ग ठेवला, तेव्हा कायदा आणि टेस्टचे नियम त्यांनी घेतले. अपंग शिकाऊंना कसं शिकवायचं हा तास मला दिला. मी तिला बरोबर नेलं. समोर पंधरा-वीस जण, बहुतेक गडी, काही फौजेतून आलेले. मी एजंटाचा फॉर्म सांगितला, उसाची ट्रॉली सांगितली, स्वतःची चूक लपवली नाही. मग तिनं फळ्यावर खुणा काढून दाखवल्या.

दुपारी एकेकाला कानात कापूस घालून गाडीत बसवलं. शिकवणाऱ्याच्या सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून, ती बसली. एक धिप्पाड माजी सुभेदार पाच मिनिटांत घामाघूम होऊन उतरला आणि मला म्हणाला, "मॅडम, यांनी माझ्या दंडावर तीनदा थाप मारली. तिन्ही वेळा बरोबर होती."

मी ते तिच्याकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि चार बोटं वर केली.