ओढ्याकाठची फेरी

रोज सकाळी तीच माणसं त्याच वाटेने फिरू लागली, की सांगण्यासारखं आपोआप साठत जातं. श्रीरामपूरच्या कडेला ओढ्याकाठी एक बाग होती. बाग कसली, जंगलच ते! बाभळी, करंज, लिंब आणि मधून एक पायवाट. फिरणारे आम्ही तिघं : मी शाळामास्तर, एक वकीलसाहेब आणि दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स मार्थाबाई. शिवाय बागेचा राखणदार गेनूभाऊ.

*

बहात्तरच्या दुष्काळात नेवाशाकडची एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन बागेत शिरली. अशी जनावरं कोंडवाड्यात घालायचा गेनूभाऊला हुकूम होता. त्याने शेळ्यांची खपाटीला गेलेली पोटं पाहिली आणि स्वतःच बाभळीच्या फांद्या तोडून त्यांच्यापुढे टाकल्या. नेमके तेव्हाच त्याचे साहेब तपासणीला आले. फांद्या कुणी तोडल्या, म्हणून विचारू लागले.

"वाऱ्यानं पडल्या, साहेब."

साहेबांनी झाडावरचे कोयत्याचे घाव निरखले. मग शेळ्यांकडे पाहिलं.

"वाऱ्याला धार चांगली आहे," म्हणाले आणि निघून गेले.

*

पुढे ओढाही आटला. पात्रातल्या वाळूत झिऱ्याचा खड्डा खणला आणि लहान झाडांना प्रत्येकाने रोज डबाभर पाणी घालायचं ठरलं. वकीलसाहेबांचा डबा त्यांचा गडी उचलायचा. मार्थाबाईंनी चार दिवस पाहिलं.

"झाडाला कुणाच्याही हातचं पाणी चालतं, वकीलसाहेब. पण मग उद्यापासून फिरायलाही गड्यालाच पाठवा."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातात डबा होता. निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं होतं.

*

त्याच उन्हाळ्यात वकीलसाहेबांच्या पत्नी वारल्या. तेरावं उरकल्यावर साहेब बागेत आले. मार्थाबाई एरवी झपाझप पुढे निघून जायच्या. त्या दिवशी साहेबांच्या शेजारून, उजव्या हाताला चालू लागल्या. वाट जेमतेम दोघांपुरती, म्हणून मी मागे राहिलो. पुढे रोजच मागे राहू लागलो.

वर्षभराने पाऊस झाला, ओढा वाहू लागला. एका सकाळी साहेबांचं हसू ऐकू आलं आणि झाडलोट करणारा गेनूभाऊ थबकून बघतच राहिला.

मग मार्थाबाईंचा मुलगा त्यांना कायमचं नागपूरला न्यायला आला. स्टेशनवर येता का, असं मी साहेबांना विचारलं.

"नको, मास्तर. ती माझी फिरायची वेळ."

गाडी सुटल्यावर मी बागेत आलो. साहेब एकटेच फेरी घालत होते, वाटेच्या अगदी डाव्या कडेने.

"साहेब, कडंला काटं हायेत," गेनूभाऊ म्हणाला. "मधनं चाला की."

साहेबांनी मान डोलावली आणि कडेनेच चालत राहिले.