टाकी अर्धी झाली की

शहाद्यात माझं गॅरेज आहे. एका किराणा व्यापाऱ्याची डिझेल गाडी माझ्याकडेच यायची. तिचा ड्रायव्हर तोरणमाळकडचा पावरा आदिवासी, कमी बोलणारा. ती गाडी तोरणमाळच्या घाटात मध्येच बंद पडू लागली. उतारावरून मागे घेऊन सपाटीला आणली की पुन्हा चालू.

त्याने ती तीनदा आणली. मी फिल्टर बदलला, स्कॅनर लावला, ब्राह्मणपुरीपर्यंत सपाट रस्त्याने चक्कर मारली. एकदाही बंद पडली नाही.

तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मिस्त्री, टाकी अर्धी झाली की चढावर बंद पडते. भरलेली असली की नाही पडत."

"गाडीला काय टाकी मोजता येते?" मी म्हणालो. गॅरेजात बसलेली गिऱ्हाइकं हसली.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. "काय दोष शे गाडीमा?"

"गाडीमा काहीच नही. चालवणाराले चढ जमत नही."

दोष मला सापडला नाही, एवढंच खरं होतं. ते म्हणायला लाज वाटली. आठवड्याभरात व्यापाऱ्याने त्याला काढून टाकलं.

रनाळ्याचा नवा ड्रायव्हर आला आणि गाडी त्याच्याही हातात बंद पडली. तेव्हा मी स्वतः सोबत गेलो. घाटात इंजिन गचके देऊन थांबलं. काट्याकडे पाहिलं, तर टाकी अर्ध्याखाली. परत येऊन टाकी उतरवली. आतून डिझेल ओढणाऱ्या नळीला मधोमध बारीक चीर होती. डिझेल त्या चिरेखाली गेलं की चढावर जोर लागताना नळी हवा ओढायची.

चूक माझी होती, हे मी व्यापाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आते काय उपयोग? दुसरा ठेवेल शे."

मी ड्रायव्हरच्या गावी गेलो. घराला कडी होती. सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेल्याचं शेजाऱ्याने सांगितलं.

होळीच्या आधी, गावी परतताना, तो शहाद्याच्या बसस्टँडवर दिसला. कडेवर मुलगी, शेजारी बायको आणि गाठोडी. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. चीर कुठे होती, केवढी होती, ते त्याने नीट विचारून घेतलं.

"दुसऱ्या गाडीवर कामाला लावून देऊ का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही मालकाला तसं सांगितलं, तेव्हा मलाही वाटलं की मला चालवता येत नाही. आता घाटात गाडी घालायला मन धजत नाही."

बस लागली होती. मुलीला सावरत तो आत चढला.