‘रंग’वरून आलेला मेल

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. देवालासुद्धा मी बायकोच्या आग्रहाने हात जोडतो. या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. तरी लिहितोय, कारण एका माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली.

नव्वदच्या दशकाची अखेर. सुरतेत, इच्छापोरजवळच्या कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये मी हिशेब पाहायचो. मिलमध्ये दोनच कॉम्प्युटर – वर माझा ‘हिसाब’ आणि खाली रंगखात्यातला ‘रंग’. नावं मीच दिलेली. मोडेम आणि फोनची वायर फक्त माझ्या कॉम्प्युटरला.

एका सकाळी मिलच्या पत्त्यावर ई-मेल आला. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची अहिराणी – ‘बॉयलरना व्हॉल अटकी गया. आज पेटाडू नका.’ खाली नाव नाही.

शेठना वाचून दाखवला. बॉयलर तपासला, तर सेफ्टी व्हॉल्व्ह खरंच जाम... पेटवला असता तर पाळीतलं कोण वाचलं असतं, सांगता येत नाही. शेठचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “पाटीलभाई, आ तो तमारी भाषा छे ने? जेणे अटकाव्यो, एणे ज लख्युं.” म्हणजे, ज्याने व्हॉल्व्ह अडकवला, त्यानेच मेल लिहिला.

अहिराणी बोलणारे कामगार पुष्कळ होते. पण त्यांतले कॉम्प्युटरवर बसणारे दोघेच – मी आणि रंगखात्यातला भास्कर.

मेलचा हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंद, वाचायला मी शिकलो होतो. वाटेतलं प्रत्येक मशीन आपली ओळ वर चढवत जातं, म्हणून पाठवणारा सर्वांत खालच्या ओळीत सापडतो. तिथे कॉम्प्युटरचं नाव होतं – रंग.

‘रंग’ला वायरच नव्हती. तिथून मेल जाणं शक्य नव्हतं... पण हे बोललो असतो, तर संशयाला मीच उरलो असतो. मी शेठना ती ओळ दाखवली आणि गप्प बसलो.

शेठनी भास्करला केबिनमध्ये बोलावलं. “तूने भेजा?” तो माझ्याकडे बघत राहिला. वायरचा शब्द त्यानेही काढला नाही. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

तुम्ही म्हणाल, हेडरमध्ये कॉम्प्युटरचं नाव खोटं टाकता येतं. येतं. पण मिलमध्ये ते फक्त मला जमत होतं, आणि मी तो मेल पाठवलेला नाही.

मागच्या वर्षी सुरतेजवळ कोसाडला भास्करचं घर शोधत गेलो. वायरचं माहीत असून गप्प बसलो, ते सांगितलं. तो म्हणाला, “आबा, मी तर समजे तुम्हीच धाडा व्हता. माणसे वाचाडात तुम्ही. मंग तुमनं नाव कसं लेऊ?”

“मी नव्हतो रे, भास्कर.”

“मंग कोन?”

इतकी वर्षं तो निदान एका भल्या माणसासाठी भोगलं असं समजून होता. तेही मी काढून घेतलं. मेल कुणी पाठवला, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नाही... आजही येत नाही.