विचारून छापलेलं नाव

बातमी लिहून हातात दिली की बाई आधी चपला घालायच्या. आम्हा नव्या लोकांना वाटायचं, बातमी इतकी फसली की बाई घर सोडून चालल्या. तसं काही नसायचं. ज्या गल्लीची बातमी, त्या गल्लीत जाऊन ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मगच छापायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

"ज्याची बातमी, त्याले आधी," एवढंच म्हणायच्या.

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात त्या चार पानांचं साप्ताहिक चालवत. त्याआधी शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्ख्या गावाच्या बाई. अंक खामगावला छापला जायचा आणि गठ्ठा एसटीनं यायचा. मोठे पेपर तुम्ही बघितलेच आहेत. त्यात आमच्या गावाला जागा मिळायची ती पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला. बाईंच्या अंकात तुंबलेली नाली पहिल्या पानावर असायची.

मी अमरावतीहून पत्रकारितेची पदवी घेऊन आलेलो. एकदा बाईंनी माझी बातमी एका वस्तीत वाचली, तर एक म्हातारबुवा मधेच म्हणाले, "हे जनसामान्यांची ससेहोलपट म्हंजे काय हो?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मले बी नाई समजलं. काढ ते." मी रागारागानं काढलं. वाक्य सुधारलं हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

मग तो उन्हाळा आला. बाई भाचीच्या लग्नाला पिंपळगाव राजाला गेल्या होत्या आणि अंक माझ्यावर होता. गावात नळ चार-पाच दिवसांआड यायचे. टाकीजवळच्या कॉलनीत पाणी भरपूर, वर टेकाडावरच्या वस्तीत मात्र पाण्याचा एक गुंड भरतो न भरतो तोच नळ जायचा. त्या वस्तीत भाजी विकणाऱ्या कांताबाई राहत. त्यांनी मला चहा दिला आणि विश्वासानं सांगितलं की लोहाराकडून व्हॉल्व्हची चावी करून घेतली आहे. पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह बंद करून गेला की त्या अर्धा तास पुन्हा चालू करतात, सगळ्या गल्लीसाठी.

मला वाटलं, बाई असत्या तरी याहून भारी बातमी आणली नसती. नाव छापलं, फोटोही छापला. वाचून दाखवायला काही गेलो नाही.

दोनच दिवसांत पाणीपुरवठ्याची माणसं आली. चावी नेली, कांताबाईंचा नळ तोडला आणि पाणीचोरीचा गुन्हा का दाखल करू नये, अशी नोटीस हातात दिली.

बाई परत आल्या, अंक वाचला आणि मला घेऊन टेकाडावर निघाल्या. कांताबाई दारात मेथी निवडत होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

"बाई, म्या याले चहा पाजला. यानं मले चोर करून टाकलं."

"मावशी, माझा उद्देश..."

"तू चूप राय," बाई म्हणाल्या. "आपण ऐकाले आलो."

तासभर ऐकलं. मग बाईंनी मला कामाला लावलं. पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं रोज पहाटे वेगवेगळ्या व्हॉल्व्हजवळ उभे राहून कोणत्या भागात पाणी किती वेळ चालतं ते लिहून घेत होतो. बाईंचे गुडघे दुखायचे, तरी टेकाडाचा भाग त्यांनी स्वतःकडे ठेवला. कॉलनीत दीड तास, टेकाडावर पाव तास. तो तक्ता पहिल्या पानावर छापला, एकही विशेषण न घालता. त्याखाली चौकट होती: कांताबाईंचं नाव त्यांना न विचारता छापलं, चूक संपादकाची. अर्थात हेही कांताबाईंना वाचून दाखवलं होतं.

"बाई, चूक माझी होती," मी म्हणालो.

"अंकावर नाव कोणाचं हाय?"

नोटिशीच्या तारखेला बाई कांताबाईंसोबत कचेरीत गेल्या आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या. साहेबांनी विचारलं, या तुमच्या कोण? "वाचक हाय माह्या," बाई म्हणाल्या. अंक साहेबांच्या टेबलावर आधीच पोचला होता. गुन्हा दाखल झाला नाही. नळ पुन्हा जोडला गेला आणि टेकाडाची वेळ वाढली. कांताबाई मात्र माझ्याशी बोलल्या नाहीत. भाजी द्यायच्या, पण तोंडातून शब्द नाही. ते माझ्या वाट्याचंच होतं.

मला बाईंनी कामावरून काढलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी माझी लाज स्वतःच्या नावावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी नवी बातमी आणायला पाठवलं. आज मी जे काही बरं लिहितो ते त्यामुळे. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहून गेलं, याची फार खंत वाटते.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. अंक आता मी काढतो. त्यांच्यावरचा लेख लिहून झाला तेव्हा कागद घेऊन टेकाडावर गेलो आणि कांताबाईंसमोर उभ्यानं वाचला. नोटिशीचा भागही गाळला नाही.

"मावशी, तुमचं नाव काढून टाकू का?"

त्यांनी हातातली वांगी पाटीत ठेवली. "बाईचं नाव हाय ना त्याच्यात?"

"हो."

"मंग माह्यं बी राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याईच्या बाजूलेच."