मांबलमच्या कूडैतले डास

डबे नुसते रिकामे नव्हते. घासून, पुसून, पालथे घालून उन्हात वाळत ठेवले होते. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत तीच तऱ्हा. एका घरी तर आमच्या डब्याला खालून भोक पाडून कढीपत्त्याचं रोप लावलं होतं. लावलं होतं मात्र झकास.

डॉक्टर मार्सिया माझ्याकडं बघत उभी. ही ब्राझीलची बाई. उंच, उन्हानं लाल झालेली, पाठीवर पोत्याएवढी बॅग.

"मिस्टर दत्ता, व्हॉट हॅपन?"

"क्लीन," मी म्हटलं. "व्हेरी क्लीन पीपल."

माझं इंग्रजी दोन चाकांवर चालतं, पण पोचतं.

आधी माझं सांगतो. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, चौथीपर्यंत शिकलेला. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, तसा मी चुलत्याबरोबर मद्रासला आलो. भट्टीचा धूर मला मानवला नाही. मग डासांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात चिकटलो. पोस्टचं नाव इन्सेक्ट कलेक्टर. गावाकडं मी त्यातला दुसराच शब्द सांगायचो. रिटायर झालो, तरी आमच्या शांती मॅडमनी मला कॉन्ट्रॅक्टवर परत बोलावलं. कारण एकच. मांबलमच्या गल्ल्या मला ओळखतात.

आता काम काय होतं ते ऐका. डेंग्यूचा डास हा पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. चेन्नईतही तो, ब्राझीलमध्येही तोच. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, एकाच पद्धतीनं सापळे लावायचे आणि ताळा बघायचा. कुठं डास कधी वाढतात हे कळलं, तर आजार यायच्या आधी लोकांना सावध करता येईल. सापळा म्हणजे काळा डबा, त्यात पाणी, पाण्यात उभी जाड कापडाची पट्टी. मादी गारवा बघून येते आणि पट्टीवर अंडी घालते. दर आठवड्याला पट्टी काढून अंडी मोजायची आणि पाणी बदलायचं, म्हणजे डब्यात नवे डास तयार होत नाहीत.

पण डब्यात पाणीच नाही, तर मादी येणार कशाला?

ब्राझीलचे मोठे प्रोफेसर संगणकावरून मार्सियाला म्हणाले होते, पुढच्या खेपेलाही अंडी मिळाली नाहीत तर चेन्नई या कामातून बाद. दुसरं शहर बघू. म्हणजे मार्सियाची एवढी धडपड फुकट आणि आमचं फील्ड युनिट बंद. वर मी सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "मांबलम माझ्यावर सोडा." ते सगळ्यात जास्त टोचत होतं.

मी पहिल्या घरी गेलो. तिथं विशालम मामी राहतात. गल्लीतलं काही हलायचं असेल तर आधी मामींना विचारावं लागतं.

"मामी, डबा का ओतला?"

मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "राव, तुम्हीच विचारता? नोकरीभर या दारात उभं राहून कोण ओरडलं? पाणी साठवू नका, कुंडीखालची बशी ओता, फ्रिजमागचा ट्रे ओता! माझ्या सुनेला तर तुम्ही रडवलं होतं."

"ते बरोबरच होतं."

"मग आम्ही शिकलो. पहाटे वासल धुताना तुमचा डबा दिसतो. बादलीतलं पाणी दारात मारायचं, कोलम काढायचं, आणि शेजारी डासांचं पाणी ठेवायचं? बरं दिसतं का?"

वासल म्हणजे दारापुढची जागा. इथल्या बायका ती रोज धुतात आणि तिथं तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात, तिला कोलम म्हणतात. आमच्या प्रोटोकॉलमध्ये डबा नेमका तिथं, जमिनीवर ठेवायचा होता.

मला राग यावा की अभिमान वाटावा कळेना. इतकी वर्षं घसा फोडला तेव्हा वाटायचं, भिंतीशी बोलतोय. आणि माझं म्हणणं एवढं रुजलं होतं की आता तेच आमच्या मुळावर आलं.

ऑफिसात शांती मॅडम म्हणाल्या, "सोपं आहे. घरोघर जा आणि सांगा, हा डबा ओतू नका."

"मी नाही सांगणार."

"का?"

"पाणी ठेवा, हे माझ्या तोंडून निघणार नाही. उद्या अभ्यास संपेल, मार्सियाबाई घरी जातील. मग ही माणसं म्हणतील, राव एकदा ठेवा म्हणतो, एकदा ओता म्हणतो. पुन्हा माझं कोण ऐकेल?"

"दत्ताजी, युनिट बंद पडतंय आणि तुम्ही हट्ट करताय?"

"हट्ट नाही मॅडम. शब्द आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला. तशा त्या माझ्यामुळं बऱ्याचदा लावायच्या.

मग मार्सिया स्वतः निघाली. तमिळ चार शब्द शिकली, हात जोडले, घरोघर गेली. मी गल्लीच्या तोंडाशी उभा. प्रत्येक घरात तिला बसवलं, कॉफी दिली, केसात मोगऱ्याचा गजरा माळला. सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांनी डबे ओतले.

"दे सेड येस!" मार्सिया म्हणाली.

"येस टु यू," मी म्हटलं. "नॉट टु डबा."

ती खळखळून हसली. रडायची वेळ असताना हसणारं माणूस मला आवडतं. मी तिला परत मामींकडं घेऊन गेलो. सांगायला नाही, नुसतं बसायला.

मामी ओसरीवर वायरची कूडै विणत होत्या. प्लास्टिकच्या रंगीत वायरची ही पिशवी मांबलममध्ये घरोघर असते. रात्री ती गेटच्या जाळीला अडकवायची, पहाटे दूधवाला त्यात पाकिटं टाकून जातो. मार्सियानं विचारलं, "दूध कुणी चोरत नाही?"

मी तमिळमध्ये सांगितलं. मामींना ते लागलं. "दुसऱ्याच्या कूडैला या गल्लीत कुणी हात लावत नाही. सून माझ्याशी भांडली, तरी माझ्या कूडैला हात लावत नाही." मग त्यांचे हात थांबले. "राव, तुमचा डबा कूडैत घालून जाळीला टांगा की. जमिनीवर नाही, म्हणजे वासलमध्ये नाही. कूडै तुमची, म्हणजे आम्ही शिवणार नाही. पाणी ठेवा म्हणायची गरज नाही, ओता म्हणायचीही नाही."

कल्पना बरी होती. पण मी म्हटलं, "नाही जमायचं. हा डास पायाला चावणारा, खाली राहणारा. टांगलेल्या डब्यात अंडी घालायला तो वर चढणार नाही."

"मागच्या साली माझ्या गच्चीवरच्या टाकीत अळ्या सापडल्या म्हणून तुम्ही गल्लीभर तमाशा केला होता. ते डास काय लिफ्टनं गेले होते?"

मी कूडैची वीण बघत बसलो. मार्सिया विचारत राहिली, "व्हॉट शी सेड? व्हॉट शी सेड?"

"शी सेड कॉफी," मी म्हटलं.

पण लपतंय कुठं? मामींनी हातवारे करून तिला सगळं समजावलं, आणि दोन दिवसांत गल्लीभर कूडै टांगल्या गेल्या. मी टांगल्या. तोंड वाकडं करून, पण गाठी पक्क्या मारल्या.

पहिल्याच सकाळी बोंब उठली. दूधवाल्यानं सवयीनं पाकिटं आमच्या डब्यात टाकली होती. मामी पाकीट चिमटीत धरून उभ्या. "राव! डासांच्या पाण्यातलं दूध! याची कॉफी कोण पिणार, तुम्ही?"

"पाकीट बंद आहे, मामी. धुऊन घ्या."

"तुम्हीच न्या आणि तुम्हीच प्या."

मी नेलं आणि प्यायलोही. चांगली झाली कॉफी. मग डब्यांवर मोठ्या भोकांची जाळी बसवली. मादी आत जाईल, पाकीट जाणार नाही.

आठवड्यानं पट्ट्या काढल्या. मार्सियानं भिंगाखाली पहिली पट्टी धरली. दुसऱ्या हातानं माझा दंड धरला. मी वाकून बघितलं. काळे, बारीक, राळ्यासारखे दाणे. पट्टीभर. दुसरीवरही. तिसरीवरही.

आम्ही आनंदात संगणकापुढं बसलो. पडद्यावर प्रोफेसर आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंडी छान आहेत. पण उपयोग नाही. आमचे डबे जमिनीवर, तुमचे टांगलेले. ताळा कसा बघणार?"

मार्सियाचा चेहरा उतरला. बरोबरच होतं प्रोफेसरांचं. एकानं शेर वापरायचा आणि दुसऱ्यानं किलो, तर वजनं जुळायची कशी? पण मला राहवेना. मी खुर्ची पुढं ओढली.

"सर, युवर डबा, ग्राउंड. नो प्रॉब्लेम? नोबडी टच?"

प्रोफेसर मार्सियाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. ती फिस्सकन हसली.

"कुत्री," ती मला इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडं गल्लीतली कुत्री डब्यातलं पाणी पितात, डबे लवंडतात. दर खेपेला बरेच सापळे वाया जातात."

"मग तुम्हीही टांगा!" शांती मॅडम टेबलावर हात आपटून म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "आम्हीच का बदलायचं? दोघंही टांगू, एकाच उंचीवर. मोजणी पहिल्यापासून सुरू करू."

प्रोफेसरांनी हनुवटी खाजवली. म्हणाले, "टांगायचं कशात?"

मामींनी आणि गल्लीतल्या बायकांनी बसून कूडै विणल्या. सगळ्या एका मापाच्या, कारण मार्सिया टेप घेऊन शेजारी बसायची. मापात नसली की उसवायला लावायची. मामी म्हणायच्या, "ही माझ्या सुनेपेक्षा कडक आहे." परत जाताना मार्सियानं कपडे इथंच वाटून टाकले आणि बॅगेत कूडै भरल्या. विमानतळावर त्या उघडून बघणाऱ्याला तिनं काय सांगितलं असेल देव जाणे.

काम पुरं झालं. दोन्ही शहरांचे आकडे एकाच मापानं मिळाले, आमचं युनिट चालू राहिलं. ज्या दिवशी अभ्यास संपला, त्या दिवशी मी गल्लीत जाऊन प्रत्येक डबा स्वतःच्या हातानं ओतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "पाणी साठवू नका!" मामी आतून म्हणाल्या, "माहितेय!"

परदेशी लोकांबरोबर काम करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पद्धत ठरवताना त्या दारापुढं पहाटे झाडू घेऊन कोण उभं असतं ते आधी बघून या. आणि डास वर चढले हे खरं. पण ते मांबलमचे डास. शहराबाहेरच्या गुम्मिडिपूंडीचे चढणार नाहीत असं माझं अजूनही म्हणणं आहे. कुणाला पटत नसेल त्यानं डबे घेऊन यावं, मी तयार आहे.