पंडितच्या पिकअपवरची काठी

लताबाई तायडे भुसावळच्या तार ऑफिसात सतरा वर्षं कडकट्ट वाजवत होत्या. दिवसभर लोकांची बारशी, मयती नि बदल्या बोटांतून पुढे सरकवूनही बाईंची हौस फिटत नव्हती. घरी आल्या, भाकरी खाल्ली, की माळ्यावरच्या, दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलायच्या रेडिओपुढे जाऊन बसायच्या. त्याची परीक्षा रीतसर दिलेली, सरकारी परवाना फ्रेम करून भिंतीवर टांगलेला. कधी कानपूरचा माणूस भेटायचा, कधी कोलंबोचा. शेजारणी म्हणायच्या, "लताबाई हवेशी बोलते." त्यावर बाई म्हणायच्या, "बोलते, आणि हवा उत्तर देते. तुमचे नवरे देतात का?"

पण ब्याण्णवच्या पावसाळ्यात तापी फुगली आणि काठावरचं पिंपळदरा बुडाल्यासारखं झालं. तिथे त्यांची आई भागाबाई राहायची. रस्ता गेला, तारेचे खांब आडवे झाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवणाऱ्या बाईला स्वतःच्या आईचा निरोप तीन दिवस मिळेना. चौथ्या दिवशी नाव गेली तेव्हा कळलं, म्हातारी शाळेच्या गच्चीवर ठणठणीत आहे. लताबाई तेव्हा तार ऑफिसातच हमसून हमसून रडल्या. ते तीन दिवस त्यांच्या मनातून काही केल्या जाईनात.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या रेडिओ मंडळाने ठरवलं, की पुराच्या कामासाठी रेडिओ बसवलेली एक गाडी सरकारी यादीत द्यायची, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर झाला तो लताबाईंचा. मंडळाचे अध्यक्ष बन्सीलाल. धुळ्यात पंखे-मिक्सरचं दुकान, आणि आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. ते हसून म्हणाले, "ताई, घरी बसून बोलणं निराळं. चालत्या गाडीतून बोलणं बायकांना झेपायचं नाही. माझ्या भाच्याची जीप आहे ना!"

"मग परीक्षा घ्या," बाई म्हणाल्या.

परीक्षा ठरली. जूनच्या पहिल्या रविवारी सावद्याहून निघायचं आणि धुळ्याला यायचं. भुसावळला आठ वाजता, मग जळगाव, एरंडोल, पारोळा अशा चार ठिकाणांहून, बोलताना गाडी न थांबवता, धुळ्याला ऐकू गेलं पाहिजे. एक जरी ठिकाण हुकलं तरी यादीत भाच्याची जीप.

गाडी होती धाकट्या भावाची, पंडितची. सावद्याहून केळीचे घड नेणारी पिकअप. केबिन लोखंडाची, मागचे फाळके लाकडाचे. नुकतीच रंगवलेली: निळीशार केबिन, काचेवर जय भीम, फाळक्यावर पिसारा फुलवलेला मोर. पंडित बायकोपेक्षा त्या मोराला जास्त जपायचा, असं त्याची बायकोच म्हणायची.

लताबाईंनी ठिबकच्या पाइपाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळून कॉइल केली, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची लांब नळी चढवली, आणि ती काठीसारखी अँटेना मोराला धक्का न लावता फाळक्याला घट्ट आवळली. रेडिओ सुरू केला तर मीटरचा काटा नको तिकडे पळाला. बाईंनी कपाळावर हात मारला. लाकडाला कसली आलीय अर्थिंग! अँटेनेला पायाखाली उघडं लोखंड हवं, नाहीतर तिची सगळी ताकद वाया जाते. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि केबिनच्या मागच्या कडेचा रंग खरडायला लागल्या.

पंडित धावत आला. "अक्का! माह्या गाडीचा रंग खरडून राह्यली तू? तीन महिने बी नाही झाले!"

"रुपयाएवढीच जागा लागते रे."

"आज रुपयाएवढी. उद्या गंज लागला, की बठ्ठी केबिन खाईन तो!"

पण आईचं नाव निघालं तसा पंडितने स्वतःच पाना आणून दिला. ती त्याचीही आई होती. लताबाईंनी अँटेनेपासून आणलेली तांब्याची पट्टी उघड्या लोखंडावर बसवली, बोल्ट आवळला, आणि काटा शहाण्यासारखा जागेवर आला. माळ्यावरच्यासारखंच कानपूर कानात वाजलं. शनिवारी संध्याकाळी सगळं तयार होतं. बाई निवांत झोपल्या. तिथेच चुकलं.

रविवारी सातला निघाले. फैजपूर मागे पडलं तसं बाईंनी सहज मीटर बघितला. काटा पुन्हा उधळलेला. कॉइल ठीक, तार ठीक, बॅटरी ठीक. आठला चाळीस मिनिटं कमी. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, मागे जाऊन बोल्टाकडे बघितलं, आणि तोंड उघडंच राहिलं. पट्टीखाली, बोल्टाखाली, जिथे उघडं लोखंड होतं तिथे निळाशार ऑइलपेंट, दोन हात मारलेला.

"पंडित, हे काय?"

पंडित मान खाली घालून उभा. "काल खोललं जरासं. रंग मारला, जसंच्या तसं बसवून देल्लं. गंज चढला असता ना अक्का. तुले दिसलं बी नसतं."

आता भावाला मारावं की हसावं? लताबाईंना दोन्ही एकदमच आलं. पण घड्याळ धावत होतं. पॉलिश पेपर घरी राहिलेला. पंडितने न सांगता सीटखालचा केळीचे घड कापायचा विळा काढला आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या गाडीचा रंग असा खरडला, असा खरडला, की बाईंनाच "बस रे" म्हणावं लागलं. रुपयाएवढी जागा हवी होती, त्याने ताटाएवढी केली. बोल्ट पुन्हा आवळला, काटा जागेवर आला.

आठला गाडी भुसावळच्या पुलाजवळ आली. बाईंनी माइक तोंडाशी धरला आणि हाक दिली. बन्सीलालांचं उत्तर खणखणीत आलं, पण ते असं: "ताई, नुसती खरखर ऐकू येतेय. शब्द लागत नाहीत. पाच मिनिटं थांबतो."

एवढ्या लांबवर आवाज पोचत नव्हता. पंडितचा चेहरा उतरला. लताबाईंचा मात्र खुलला. बाईंनी पिशवीतून तार ठोकायची चावी काढली, फडक्याने मांडीला बांधली, आणि बोट टेकवलं. जिथे आवाज बुडतो तिथून कडकट्ट पोहून जातं, हे बाईंना सतरा वर्षं माहीत होतं. गाडी खड्ड्यातून उडत होती, मनगट तसूभर हलत नव्हतं.

तिकडे धुळ्याला गडबड उडाली. मंडळातले सगळेच हे मोर्सचं कडकट्ट परीक्षेपुरतं शिकले होते आणि दुसऱ्या दिवशी विसरले होते. रेडिओवर बन्सीलालांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "ताई... जरा हळू."

बाईंनी हळू केलं. "आणखी हळू, ताई." पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला द्यावीत तशी एकेक टिंब-रेघ बाईंनी सोडली. शेवटी उत्तर आलं, "भुसावळ, आठ वाजून चार मिनिटं. मिळालं!" पंडितने पुलावर एवढा लांब हॉर्न वाजवला, की सायकलवाला दचकून कठड्याला टेकला. जळगाव मिळालं. एरंडोल मिळालं. पारोळ्याहून तर आवाजही पोचला असता, पण बाईंनी मुद्दाम चावीच वाजवली. जरा खोडी होतीच अंगात.

धुळ्याच्या मंडळात बन्सीलाल पेन्सिलीने लिहिलेला कागद घेऊन दारातच उभे होते. त्यांनी मोकळेपणाने हात जोडले. "हरलो, ताई. भाच्याला तर ही चावी धरताही येत नाही. यादीत गाडी तुमचीच." बाईंचा ऊर भरून आला, आणि त्यांनी तो लपवला नाही. पंडित तर भर रस्त्यात उडी मारून "आमची अक्का!" म्हणून ओरडला.

आत कलेक्टर कचेरीतून आलेले साहेब वही उघडून बसले होते. त्यांनी बाईंचं नाव लिहिलं, पंडितचं लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला.

"पाणी चढायला लागलं, तर ही गाडी आधी कुठं पाठवायची? विचार करून सांगा, घाई नाही."

लताबाईंनी विचार केला नाही. "पिंपळदरा," त्या म्हणाल्या, आणि साहेबांचं लिहून होईपर्यंत वहीवरून नजर हलवली नाही.